कोयनेची वाट : डिप्लोमातून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात

दोस्तांनो, कराडचा प्रीतिसंगम तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिला असेल. शाळेच्या सहलीला गेला असाल, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी फोटो काढला असेल, येताना भेळही खाल्ली असेल. पण तिथली एक गंमत लक्षात आली का? कृष्णा आणि कोयना, दोघीही निघतात महाबळेश्वरच्या डोंगरातून. कृष्णा वाईवरून खाली येते. कोयना मात्र डोंगराच्या पलीकडच्या अंगानं लांब दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ वळते, पाटणवरून येते आणि कराडला कृष्णेला अगदी समोरासमोर भेटते. तिथून पुढं सांगलीपर्यंत एकच नदी. सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहून कुणी सांगू शकेल का, की यातलं वाईचं पाणी कुठलं आणि पाटणचं कुठलं?

शिक्षणातही अशीच एक कोयनेची वाट आहे, बरं का! दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, "पुढं काय?" इंजिनिअर व्हायचं असेल तर बहुतेकांना एकच रस्ता दिसतो. अकरावी-बारावी सायन्स, मग सीईटी, मग इंजिनिअरिंग कॉलेजचं पहिलं वर्ष. ही झाली कृष्णेची वाट. दुसरी वाट आहे पॉलिटेक्निकची. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊन बसायचं. शेवटी पदवी तीच, वर्गही तोच.

आज आपण या दुसऱ्या वाटेची नीट ओळख करून घेऊ. कारण ही वाट चांगली असली, तरी तिच्यावर पाटी उशिरा दिसते. खूप मुलं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात जागी होतात आणि मग म्हणतात, "अरेरे, हे आधी कुणी सांगितलं असतं तर!"

आधी हिशेब करू

पाटी-पेन्सिल घ्या. दहावीनंतर बारावीपर्यंत २ वर्षं आणि पदवीची ४ वर्षं. झाली ६. आता दुसरी बेरीज. डिप्लोमाची ३ वर्षं आणि दुसऱ्या वर्षापासून पुढं पदवीची ३ वर्षं. झाली ६! म्हणजे डिप्लोमा केला म्हणून वर्ष वाया जातं, ही समजूत चुकीची आहे. उलट सहा वर्षांत हाती दोन प्रमाणपत्रं पडतात, एक डिप्लोमाचं आणि एक पदवीचं. घरच्या अडचणीमुळं मध्येच थांबावं लागलं, तरी डिप्लोमावर नोकरी मिळू शकते. बारावी सायन्सनंतर थांबावं लागलं तर मात्र हातात फक्त बारावीची गुणपत्रिका असते.

या नदीला आणखीही ओढे मिळतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे आयटीआयची २, डिप्लोमाची २ आणि पदवीची ३, अशी ७ वर्षं. एक वर्ष जास्त लागलं, पण फिटर किंवा वायरमनचं काम हाताला चांगलं बसलेलं असतं. बारावीला गणित घेऊन पुढं बी.एस्सी. झालेल्यांनाही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते ना, तसंच हे. संगम थोडा उशिरा झाला इतकंच.

आपल्या मुलखातली कॉलेजं

सातारा आणि सांगली हे पूर्वी एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. तांत्रिक शिक्षणाची परंपरा या भागात जुनी आहे. सांगलीत १९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. तेच पुढं वालचंद कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालं. कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० सालचं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. वाळवा तालुक्यातल्या साखराळ्याचं कॉलेज त्याच वर्षीचं. गंमत बघा, वसंतदादांचं स्वतःचं शालेय शिक्षण फार झालेलं नव्हतं. पण शेतकऱ्याच्या पोरांना तालुक्याच्या गावात इंजिनिअर होता यावं, याची वाट त्यांच्याच काळात मोकळी झाली.

डिप्लोमासाठी कराड आणि मिरज इथं सरकारी पॉलिटेक्निक आहेत, शिवाय दोन्ही जिल्ह्यांत खासगी पॉलिटेक्निकही आहेत. म्हणजे आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेज, शिडीच्या तिन्ही पायऱ्या एसटीच्या पासावर गाठता येतील एवढ्या जवळ आहेत!

दार उघडतं कसं?

डिप्लोमाच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. पुढं पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी वेगळी सीईटी नसते. डिप्लोमाचे गुण हीच तुमची सीईटी! किमान ४५ टक्के गुण लागतात, आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के. सगळ्या राज्याची मिळून ऑनलाइन प्रवेश-फेरी होते. तिला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात.

"४५ टक्के? हात्तिच्या! एवढे तर कुणालाही मिळतील." असं वाटलं ना? थांबा थोडं. ४५ टक्के ही नुसती रांगेत उभं राहण्याची परवानगी आहे. जागा किती असतात ते आता पाहू. कॉलेजला मंजूर असलेल्या जागांच्या १० टक्के जागा थेट दुसऱ्या वर्षासाठी जादा धरल्या जातात. शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या असतील, त्याही मिळतात. आता ६० जागांचा एक वर्ग घ्या. त्याचे १० टक्के किती? फक्त ६! ज्या कॉलेजला आणि ज्या शाखेला मागणी जास्त, तिथं पहिल्या वर्षाच्या जागा सहसा रिकाम्या राहतच नाहीत. म्हणजे नामांकित कॉलेजात त्या शाखेच्या सहा जागा आणि अर्ज सगळ्या राज्यातून. दार उघडं आहे हे खरं, पण ते अरुंद आहे. म्हणूनच तयारी पहिल्या दिवसापासून करायची.

ताईचं वेळापत्रक

आता आपण एका ताईची गोष्ट बघू. ही ताई कुणी एक खरीखुरी मुलगी नाही. कराडच्या एसटी स्टँडवर सकाळी दप्तर आणि ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन उभ्या असणाऱ्या अनेक मुलींची मिळून ती झाली आहे. समजा, तिचं गाव पाटण तालुक्यात. बाबांची थोडी शेती, आई शिवणकाम करते. ताईला दहावीला बरे गुण पडले आणि तिनं मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश घेतला. "मुलगी आणि मेकॅनिकल?" म्हणून शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, ते सोडून द्या!

पहिलं वर्ष. इथं ताईला दोन शत्रू भेटले. एक इंग्रजी आणि दुसरं गणित. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेलं, आणि आता 'स्ट्रेस' म्हणजे काळजी नसून धातूवर येणारा ताण, हे समजायलाच आठवडा गेला. तिनं एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठीत अर्थ आणि छोटंसं चित्र. तीन वर्षांत ती वही भरली आणि पुढं पदवीला तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

गणिताचं मात्र नीट ऐका, कारण खरी मेख तिथंच आहे. डिप्लोमाच्या बहुतेक शाखांना गणिताचे पेपर पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरमध्येच असतात. मुलं पास होतात, पुस्तक माळ्यावर टाकतात. पुढची दोन वर्षं गणिताशी कट्टी! मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यावर समोर एकदम मोठं इंजिनिअरिंग गणित येऊन उभं राहतं. शेजारच्या बाकावरच्या मुलांनी अकरावी, बारावी आणि पदवीचं पहिलं वर्ष अशी सलग तीन वर्षं गणित केलेलं असतं. आणि आपल्याला साधं इंटिग्रेशनही आठवत नाही. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या अनेकांचा पाय पहिल्यांदा घसरतो तो इथंच. ही दरी भरून काढायला विद्यापीठांनी गणितासारख्या विषयांचे पूरक वर्ग, म्हणजे ब्रिज कोर्स, घ्यावेत असं तंत्रशिक्षणाच्या नियमांत म्हटलेलं आहे. पण ताई त्याची वाट बघत बसली नाही. दर रविवारी सकाळी तासभर गणित, असा तिनं नेम केला. पुस्तक कुठलं? शेजारच्या दादाचं बारावीचं जुनं पुस्तक! विकत घ्यायलाही लागलं नाही.

दुसरं वर्ष. आता वर्कशॉप आणि मशिनी आल्या. लेथवर काम करताना हाताला काळं लागायचं, पण ताईला मजा यायची. या वर्षात तिनं एक शहाणपणाचं काम केलं. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारलं, "सर, शेवटची टक्केवारी कशी काढतात? कुठल्या सेमिस्टरचे गुण धरतात?" अभ्यासक्रमाची योजना काही वर्षांनी बदलते आणि तिच्याबरोबर नियमही बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर जायचं नाही, छापील नियम बघायचे. ज्या कॉलेजांत जायची इच्छा होती, त्यांची मागच्या वर्षीची शेवटची गुणवत्ता यादीही तिनं बघून ठेवली. म्हणजे आपण कुठं उभं आहोत ते कळतं.

तिसरं वर्ष. आता सगळ्यात मोठा धोका. सहाव्या सेमिस्टरची उन्हाळी परीक्षा झाली की थोड्याच दिवसांत प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात. समजा, एखादा विषय राहिला. मग तो देण्याची पुढची संधी हिवाळी परीक्षेला. तोवर प्रवेश संपलेले असतात आणि कॉलेज सुरूही झालेलं असतं. एका विषयापायी अख्खं वर्ष गेलं! मागच्या सेमिस्टरचा राहिलेला एखादा विषय "बघू पुढच्या वेळी" म्हणत जो ढकलत नेतो, त्याची गाडी नेमकी इथं अडते. ताईचा तिसऱ्या सेमिस्टरला एक विषय राहिला होता. तिनं आधी तो सोडवला आणि मगच गावच्या जत्रेला गेली.

कागदांची फाईल

दुसरी अडचण अभ्यासाची नसते, ती कागदांची असते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर. ज्याला जे लागू असेल ते. यातलं जात पडताळणीचं काम चार दिवसांत होत नाही, कधीकधी महिने लागतात. गुण भरपूर, पण दाखला नाही म्हणून राखीव जागा हुकली, यासारखं दुःख नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीतच एक फाईल तयार करा. आणि हो, दाखल्यावरचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव एकसारखं आहे ना, तेवढं बघा. एका वेलांटीचा फरकही फेऱ्या मारायला लावतो!

पैशाचं काय?

आई-बाबांच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो. आपल्या भागानं याचं उत्तर फार पूर्वी शोधलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटील एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या कामानिमित्त गावोगाव हिंडले. गावातली हुशार पोरं पैशाअभावी शाळा सोडतात, हे त्यांना जवळून माहीत होतं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एकत्र राहायची, एकत्र राबायची आणि शिकायची. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथं 'कमवा आणि शिका' योजना आली. खिशात पैसे नसले तरी हातांत बळ आहे, ते फीच्या कामी लावा, असा तो सरळ हिशेब होता.

आज सरकारी सवलतीही आहेत. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं शिक्षण शुल्काची शिष्यवृत्ती आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ या वर्षापासून पूर्ण माफ झाली आहे. पण एक अट विसरू नका. ही माफी सरकारी प्रवेश-फेरीतून आलेल्या मुलींनाच मिळते. घाईघाईनं व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर सवलत हातची जाते. आपल्या ताईच्या घरी ही एक ओळ माहीत असणं आणि नसणं, यात पुढच्या तीन वर्षांच्या फीचा फरक आहे.

अमेरिकेतसुद्धा हेच!

ही मधूनच मिळण्याची वाट काही फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची गावोगावची स्वस्त कॉलेजं असतात. इलिनॉय राज्यात जोलिएट इथं १९०१ साली असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. तिथं दोन वर्षं शिकायचं आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. कॅलिफोर्निया राज्यानं तर १९६० साली सगळ्या उच्च शिक्षणाची योजनाच तशी आखली. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही या वाटेची चर्चा होते, कारण पहिल्या दोन वर्षांची फी खूप वाचते.

पण तिकडच्या मुलांनाही तीच ठेच लागते. आपण घेतलेला विषय पुढच्या विद्यापीठात धरला जाईल का, हे आधी न विचारता विषय घेतले, तर काही विषय वाया जातात. मग तेच पुन्हा शिका, पुन्हा फी भरा! म्हणून तिथं कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो, याच्या याद्याच केलेल्या असतात. शहाणी मुलं पहिल्याच सत्रात ती यादी बघतात.

आपल्याकडेही आता याच दिशेनं पावलं पडत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली श्रेयांकांची एक बँक निघाली. बँकेत पैसे जमा होतात तसे या बँकेत तुमचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा होतात. समजा, कुणी साताऱ्यात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं आणि बाबांची बदली सांगलीला झाली. जमा श्रेयांक घेऊन दुसऱ्या कॉलेजात पुढं शिकता यावं, ही त्यामागची कल्पना. हे श्रेयांक सात वर्षांपर्यंत चालतात. मात्र नव्या कॉलेजला ते विषय मान्य आहेत का, हे इथंही आधीच विचारायला हवं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

डिप्लोमा हा "कमी गुण पडले म्हणून" निवडायचा रस्ता नाही. ज्या मुलाला खोलून बघायला, जोडायला, दुरुस्त करायला आवडतं, त्याच्यासाठी तो पहिल्या पसंतीचा रस्ता असू शकतो. मात्र पंधराव्या वर्षी घ्यायचा हा निर्णय आहे. ज्याला डॉक्टर व्हायचं आहे किंवा अजून काहीच ठरवता येत नाही, त्याला अकरावी सायन्स जास्त मोकळीक देतं. आणि डिप्लोमानंतर पदवी केलीच पाहिजे, असंही नाही. काही जण आधी नोकरी करतात, घराला हातभार लावतात आणि मग पदवीकडे वळतात. त्यातही कमीपणा नाही. फक्त एवढंच करा, निर्णय घेताना मुलाला शेजारी बसवा. शिकायचं त्याला आहे.

या रविवारी करून पाहा

आठवी-नववीतल्या दोस्तांनो, तुमच्यासाठी एक छोटा उद्योग. गावातला, वाड्यातला किंवा नात्यातला डिप्लोमाला असलेला एक दादा किंवा ताई शोधा. तीन प्रश्न विचारा. सगळ्यात अवघड विषय कुठला गेला? आधी काय माहीत असतं तर बरं झालं असतं? आणि आता पुन्हा दहावीत गेलात तर हीच वाट घ्याल का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. दहावीच्या निकालाच्या दिवशी घरी सल्ला द्यायला खूप मंडळी जमतील, तेव्हा ही वही उपयोगी पडेल.

आणि आपल्या ताईचं काय झालं? तिच्यासारख्या कितीतरी जणी दरवर्षी विश्रामबागच्या, विद्यानगरच्या, साखराळ्याच्या वर्गात दुसऱ्या वर्षाला जाऊन बसतात. पहिल्या दिवशी थोडं बिचकायला होतं, कारण बाकीच्यांच्या ओळखी वर्षभर आधीच झालेल्या असतात. मग एक दिवस वर्कशॉपमध्ये लेथ सुरू करायची वेळ येते. सगळे एकमेकांकडे बघत राहतात आणि ताई बाह्या सरसावून पुढं होते. त्या दिवसापासून वर्गात कुणी विचारत नाही, की तू कुठल्या वाटेनं आलीस.